लुई सोळाव्याच्या शैलीतली ‘ठोकळा’ नक्षी: व्हिनियरचा तक्ता शेवटपर्यंत सपाट कसा राहील

नक्षी कागदावर चोख जुळते, दाबातून काढलेला तक्ता पहिल्या दिवशी आरशासारखा दिसतो आणि तीन-चार महिन्यांत वाटीसारखा वळतो. किंवा फिकट लाकडावर लालसर ओघळ येतात. किंवा ठोकळ्यांच्या रांगा शेवटच्या कडेला जाईपर्यंत दीड मिलिमीटरने सरकलेल्या असतात. ‘ठोकळा’ नक्षी म्हणजे व्हिनियरच्या, लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या, तीन रंगांच्या तुकड्यांतून उभे राहणारे ठोकळ्यांचे चित्र. ती करणाऱ्यांचा सगळा जीव त्या तुकड्यांच्या शंकरपाळ्या कापण्यात गुंततो. काम बिघडते ते त्याच्या आधी तक्त्यात आणि सरसात, किंवा नंतर कागद काढताना आणि पॉलिशमध्ये. म्हणून या लेखात कापण्याइतकीच जागा त्या टप्प्यांनाही दिली आहे.

उदाहरणाला छोट्या टेबलाचा ४८० × ३६० मिमीचा माथा घेतला आहे. मध्ये तीन रंगांच्या शंकरपाळ्यांतून उठणारे ठोकळे, भोवती २ मिमीची फिकट रेघ आणि बाहेर ३० मिमीची आडव्या रेषांची किनार. पॅरिसमध्ये जाँ-फ्रान्स्वा ओएबेन या फर्निचर-कारागिराच्या कामांवर ही नक्षी दिसते, आणि फ्रान्सचा राजा लुई सोळावा याच्या काळातल्या फर्निचरवर ती मेजांच्या माथ्यांवर, कपाटांच्या दारांवर, खणांच्या तोंडांवर पसरलेली असते. माप बदलले तरी क्रम हाच.

काम सुरू करण्याआधी: ऋतू आणि ओलावा

लाकूड हवेतल्या ओलाव्याशी जुळवून घेते. हवेची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात साधारण ९ टक्के पाणी राहते, आणि ८० टक्क्यांवर गेली की ते १६ टक्क्यांच्या घरात जाते. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये दाबलेला तक्ता पुढे एसीच्या खोलीत गेला तर त्याचे काय होईल, हे या दोन आकड्यांतच आहे. पायाचा तक्ता आणि व्हिनियर किमान दोन आठवडे एकाच खोलीत, मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल असे ठेवा. शक्य असेल तर दाबण्याचे आणि पॉलिशचे काम नोव्हेंबर ते मे या काळात करा. ओलावा मोजायचे साधे यंत्र विकत घ्या आणि पाया व व्हिनियर यांच्यात दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर थांबा.

टप्पा १: लाकडांची निवड

मूळ कामात गुलाबी पट्ट्यांचे ट्युलिपवुड, म्हणजे फ्रेंचांचे ब्वा द रोझ, जांभळट-तपकिरी किंगवुड, जांभळे अमरांथ आणि फिकटासाठी सिकामोर किंवा हॉली अशी लाकडे येतात. आपल्याकडे गडद बाजूसाठी शिसवी उत्तम चालते. फिकटासाठी मेपल किंवा हेदू घेता येईल. मधल्या रंगासाठी ट्युलिपवुड मिळाले नाही तर गुलाबी झाक असलेले कुठलेही बारीक रेषांचे लाकूड घ्या, पण ते अंगाने तेलकट नको.

निवडताना तीन गोष्टी पाहा.

रेषा सरळ आणि बारीक हव्यात. मोठ्या लाटांचे, गाठींचे व्हिनियर एकटे पाहायला सुंदर असते, पण ३० मिमीच्या शंकरपाळीत ती लाट नुसता डाग वाटते.

तिन्ही व्हिनियरची जाडी एक असू द्या. अठराव्या शतकातले व्हिनियर करवतीने कापलेले, एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड असायचे. आज दुकानात मिळणारे बहुधा ०.५ ते ०.६ मिमीचे असते. ते चालते, पण नंतर खरवडायला हातात फारसे काही उरत नाही, हे पक्के लक्षात ठेवा. आधीच प्लायवर चिकटवलेली ८ × ४ फुटी शीट या कामाला निरुपयोगी आहेत. व्हिनियर मोकळेच घ्यावे लागेल.

तिसरी गोष्ट रंगाची. आज संग्रहालयांत ही नक्षी मधाळ तपकिरी दिसते, पण ती तशी केलेली नव्हती. ट्युलिपवुडचा गुलाबी रंग उजेडात उडतो, अमरांथचा जांभळा तपकिरीकडे झुकतो. तीन रंगांत आज जितका फरक दिसतो त्याहून बराच कमी फरक काही वर्षांनी उरेल. म्हणून सुरुवातीला फरक थोडा भडक वाटला तरी चालेल. नव्या कामाला ‘जुना’ रंग द्यायच्या नादात तिन्ही लाकडे आधीच रंगवली की ठोकळे सपाट होतात आणि नक्षीचा सगळा खेळ संपतो.

इशारा: शिसवी, ट्युलिपवुड आणि किंगवुड ही तिन्ही डाल्बर्जिया कुळातली. हे जवळजवळ पूर्ण कूळ २०१७ पासून ‘साइटिस’ या, धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वस्तू परदेशात पाठवायची असेल तर परवान्याचे नियम लाकूड विकत घेण्याआधी पाहा आणि खरेदीची बिले जपून ठेवा.

टप्पा २: पाया

पॅरिसच्या कारागिरांनी ओकचा ठोस तक्ता वापरला आणि अशा अनेक माथ्यांवर आज लांबच लांब भेगा आहेत. तक्ता आडव्या अंगाने आकसतो, वरची नक्षी आकसत नाही. प्रतिकृतीत ही चूक पुन्हा करायची गरज नाही. १८ किंवा १९ मिमीचे चांगले, पोकळी नसलेले प्लाय घ्या. ठोस सागवानाचा तक्ता पाया म्हणून टाळा, कारण सागाच्या तेलामुळे सरस नीट धरत नाही.

१. प्लाय ४७८ × ३५८ मिमी कापा आणि चारही कडांना ६ मिमीची लाकडी पट्टी लावा. पट्टी चिकटली की पृष्ठभागाशी अगदी समपातळीत रंधून घ्या. माप आता ४९० × ३७० होते, म्हणजे दाबल्यानंतर चारही बाजूंनी ५ मिमी छाटायला मिळतात आणि अंतिम कडेला १ मिमी पट्टी उरते.

इथे अनेकजण पट्टी व्हिनियरनंतर लावतात. मग माथ्यावर कडेची रेघ उघडी दिसते आणि व्हिनियरची कड पहिल्या धक्क्याला उडते.

२. दोन्ही बाजूंना ६० ते ८० नंबरचा काचकागद तिरका, आधी एका आणि मग दुसऱ्या दिशेने फिरवा. दातेरी पात्याचा रंधा असेल तर अर्थातच तो. उद्देश खडबडीत करणे एवढाच नाही. कारखान्यातून आलेला चकचकीत थर निघाला पाहिजे.

३. पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाका. मिनिटभरात तो पसरून मुरला तर ठीक. मण्यासारखा तसाच बसला तर सरसही तसाच बसेल. पुन्हा घासा.

४. सरसाचे एकास दहा असे पातळ पाणी करून दोन्ही बाजूंना एक हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. उठलेले तंतू हलकेच घासून काढा.

तपासणी: लांब पोलादी पट्टी उभी धरून तक्त्यावर चारही दिशांनी फिरवा. पट्टीखालून उजेड दिसला तर तो खळगा भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. ०.६ मिमीच्या व्हिनियरखालचा प्रत्येक खड्डा पॉलिशनंतर दुप्पट दिसतो.

टप्पा ३: सरस

पांढरा गोंद सोयीचा आहे, पण या कामासाठी नाही. तो वाळल्यावरही किंचित सरकत राहतो, जोडांवर बारीक कंगोरे उठतात, आणि पुढे कुणाला दुरुस्ती करायची झाली तर तो सुटत नाही. रबरी कॉन्टॅक्ट गोंदाचा तर विचारही नको. जनावराच्या कातड्याचा सरस गरम केला की मऊ होतो, थंड झाला की थिजतो, आणि पुढची सगळी पद्धत या एका गुणावर उभी आहे.

दाणेदार सरस १०० ग्रॅम घ्या. या तक्त्याच्या दोन्ही बाजू आणि कागदावरचे काम मिळून एवढा पुरतो. त्यात १७५ ग्रॅम थंड पाणी घाला आणि दाणे फुगून मऊ होईपर्यंत ठेवा. दाण्यांना दोन-तीन तास लागतात, वड्यांना रात्र. मग भांडे गरम पाण्याच्या टोपात ठेवून ६० अंशांपर्यंत तापवा. थेट गॅसवर कधीही नाही. ७० अंशांच्या वर सरसाची ताकद झपाट्याने जाते आणि उकळलेला सरस टाकून द्यायच्या लायकीचा उरतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर पुरेसा आहे.

तपासणी: ब्रश वर उचलला की सरस अखंड धारेने खाली यावा. थेंब थेंब पडला तर पातळ, गोळा लोंबला तर घट्ट.

उरलेला सरस फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. बुरशी आली किंवा वास फिरला की फेका. दोन-तीन वेळा तापवलेला सरस कागदाच्या कामाला वापरा, अंतिम दाबाला ताजाच करा.

उन्हाळ्यात ३६ अंशांच्या खोलीत सरस लवकर थिजत नाही. युरोपातल्या पुस्तकांत ‘घाई करा’ असे लिहिलेले असते, पण नागपूरच्या एप्रिलमध्ये अडचण नेमकी उलटी होते. तिथे पहाटे काम करा. पुण्याच्या डिसेंबरमध्ये मात्र खोली आणि तक्ता दोन्ही आधी ऊबदार करून घ्या.

टप्पा ४: पट्ट्या आणि शंकरपाळ्या

इथले सगळे गणित एका आकड्यावर आहे: २६.

पट्टीची रुंदी २६ मिमी ठेवा आणि ती पट्टी ६० अंशांच्या कोनात, पुन्हा काटकोनात मोजलेल्या २६ मिमी अंतराने कापा. शंकरपाळीची प्रत्येक बाजू बरोबर ३० मिमी येते. तीन शंकरपाळ्या मिळून एक ठोकळा. ठोकळ्याची रुंदी ५२ मिमी, आणि एका रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंतचे अंतर ४५ मिमी. मधल्या नक्षीची जागा ४१६ × २९६ मिमी आहे, म्हणजे आडव्या रांगेत आठ पूर्ण ठोकळे. त्यात दोन्ही बाजूंच्या २ मिमी रेघा आणि ३० मिमी किनारी मिळवल्या की ४८० आणि ३६० येतात.

कडेला अर्धे ठोकळे वाया जाणार हे धरून ७२ ठोकळ्यांची तयारी ठेवा. प्रत्येक रंगाच्या ७२ शंकरपाळ्या लागतील, ८० कापा. ४५० मिमी लांबीच्या एका पट्टीतून साधारण १४ निघतात, म्हणजे रंगामागे सहा पट्ट्या.

१. व्हिनियरच्या वरच्या अंगावर, म्हणजे जे अंग माथ्यावर दिसणार आहे त्यावर, खडूने तिरक्या रेघा ओढा. पुढे अंग ओळखायला दुसरा उपाय नाही.

२. एक कड पोलादी पट्टीने सरळ करा. रेषा पट्टीच्या लांबीला समांतर ठेवून २६ मिमीच्या पट्ट्या काढा. हाताने मोजून रेघ मारू नका, ठोकळ्याचा आधार बसवून सगळ्या पट्ट्या त्याच आधारावर काढा. सुरी एका बाजूनेच धार लावलेली हवी, आणि तिची सपाट बाजू ठेवायच्या तुकड्याकडे.

३. ६० अंशांचा साचा करा: सपाट बोर्ड, त्यावर पट्टीला टेकायला एक आधार, त्याच्याशी ६० अंशांत सुरीसाठी दुसरा, आणि २६ मिमीवर थांबवणारी ठोकळी. ही ठोकळी लावायला पट्टीचाच एक तुकडा माप म्हणून वापरा. दोन मापे एकाच तुकड्यातून आली की दोन्हींतली चूक सारखी राहते आणि शंकरपाळी निदान समभुज तरी होते.

४. आता सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक. डाव्या आणि उजव्या बाजूच्या शंकरपाळ्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. दोन्हींवर रेषा उभ्या दिसायला हव्या असतील तर डाव्या बाजूच्या पट्ट्या एकीकडे झुकलेल्या कोनात आणि उजव्या बाजूच्या उलट कोनात कापायला हव्यात. सगळ्या एकाच साच्यात कापल्या तर एका रंगाच्या रेषा तिरक्या येतात. मग लोक तुकडा उलटा करतात. उलट्या अंगावर व्हिनियर प्रकाश वेगळा परततो, आणि माथा पुरा झाल्यावर काही ठोकळे विनाकारण मळकट दिसतात. साच्याला दोन्हीकडे आधार करा आणि कुठला रंग कुठल्या आधारावर कापायचा ते साच्यावरच लिहा. ठोकळ्याच्या माथ्याच्या फिकट शंकरपाळ्या कुठल्याही एका आधारावर कापा, मात्र सगळ्या एकाच.

तपासणी, आणि ही टाळू नका: एकाच रंगाच्या सहा शंकरपाळ्या टोकदार कोन मध्ये आणून चांदणीसारख्या लावा. त्या फट न ठेवता बंद झाल्या पाहिजेत. कोनात अर्धा अंश चूक असेल तर इथे तीन अंशांची फट किंवा तेवढेच चढणे दिसते. मग पट्टीची रुंदी तपासा. ती ०.१ मिमीने जास्त असेल तर प्रत्येक ठोकळा ०.२ मिमीने रुंद होतो आणि आठ ठोकळ्यांत १.६ मिमी सरकते. बाहेरची २ मिमीची रेघ हे अंतर लपवू शकत नाही, उलट उघडे पाडते.

टप्पा ५: कागदावर जुळवणी

तुकडे थेट तक्त्यावर एकेक चिकटवत जाणे हा मोह टाळा. प्रत्येक तुकडा ओल्या सरसाने फुगतो, पुढच्याला जागा उरत नाही, आणि वाळल्यावर सगळ्या जोडांत केसाएवढ्या फटी पडतात. त्यासाठी फ्रेंच पद्धत अशी: नक्षी आधी ताणलेल्या कागदावर, दिसणारे अंग कागदाकडे करून, पूर्ण जुळवायची.

१. तक्त्याहून मोठा प्लायचा बोर्ड घ्या. ७० ते ९० ग्रॅमचा खाकी क्राफ्ट कागद ओल्या स्पंजने पुसा, फक्त कडांना सरस लावून बोर्डवर चिकटवा आणि सुकू द्या. वाळला की तो ढोलकीसारखा ताणला जातो. सुरकुती राहिली तर कागद बदला.

२. कागदावर पेन्सिलीने मध्यरेषा, दर ४५ मिमीवर आडव्या रेषा आणि बाहेरचा चौकोन आखा.

३. लक्षात ठेवा, आता तुम्ही नक्षी मागून पाहत आहात. प्रकाश डावीकडून आल्यासारखा दाखवायचा असेल, म्हणजे डावी बाजू मधल्या रंगाची आणि उजवी गडद, तर कागदावर जुळवताना गडद शंकरपाळी डाव्या हाताला येते. इथे गोंधळ झाला तर सगळी नक्षी उलटते आणि एकाच माथ्यावरच्या दोन तक्त्यांचे प्रकाश एकमेकांविरुद्ध पडतात. बोर्डच्या कोपऱ्यात एक ठोकळा योग्य जागी चिकटवून समोर ठेवा.

४. मध्यावरून सुरुवात करून बाहेर जा. कागदावर सरसाचा पातळ हात फक्त चार-पाच तुकड्यांपुरता द्या, तुकडा ठेवा, हाडाच्या किंवा लाकडी सुरीने दाबा. आधी एक संपूर्ण आडवी रांग लावा. ती मध्यरेषेला सरळ बसली तरच पुढची.

५. नक्षी पूर्ण वाळली की पोलादी पट्टी आणि सुरीने ४१६ × २९६ वर चारही बाजू छाटा. भोवती २ मिमीची रेघ, मग आडव्या रेषांची किनार लावा. किनारीच्या रेषा कडेला काटकोनात हव्यात आणि कोपरे ४५ अंशांत मिळायला हवेत. किनार आतून ३० मिमी असली तरी बाहेर ५ मिमी जास्तीची ठेवा. ती दाबल्यानंतर छाटायची आहे.

६. सरस आणि बारीक लाकडाचा भुसा यांची लापशी करून मागच्या अंगावरून जोडांत घासा. भुसा मधल्या रंगाचा घ्या. वाळली की मागचे अंग दातेरी रंध्याने किंवा ८० नंबरच्या कागदाने तिरके घासून समपातळीत आणा. कागदाकडचे अंग सपाट आहे, जाडीतला सगळा उंचसखलपणा या मागच्या अंगावर आलेला असतो. हे घासणे राहिले तर दाबात जाड तुकडे बसतात आणि पातळ तुकड्यांखाली पोकळी राहते.

मग कागद कडेने कापून पूर्ण नक्षी उचला.

टप्पा ६: दाब

हातोडीच्या पट्टीने सरस बाहेर ढकलत व्हिनियर बसवण्याची पद्धत साध्या, अखंड व्हिनियरसाठी चांगली आहे. ठोकळ्यांसाठी ती वर्ज्य. तिला लागणारे पाणी आणि उष्णता तुकडे फुगवतात आणि मग जोड हलतात. इथे गरम पत्रा हवा.

साहित्य आधी मांडून ठेवा: ३ मिमी जाडीचे दोन ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे पत्रे, तक्त्याहून प्रत्येक बाजूला १० मिमी मोठे, दोन १८ मिमी प्लायचे तुकडे, बटर पेपर, आणि ४ जोड्या जाड लाकडी पट्ट्या. या पट्ट्यांचे आतले अंग मध्ये १ ते २ मिमी फुगीर रंधा. दोन टोकांना क्लॅम्प आवळल्यावर दाब मध्यावरही पोचतो तो या फुगवट्यामुळे. आठ मोठे क्लॅम्प लागतील.

१. खालच्या अंगासाठी तेवढ्याच जाडीचे कुठलेही साधे व्हिनियर, रेषा लांबीच्या दिशेने, तयार ठेवा. एकाच अंगाला व्हिनियर लावलेला तक्ता वळतो. सुरुवातीला सांगितलेली ‘वाटी’ बहुतेक वेळा इथेच जन्मते. दोन्ही अंगे एकाच दाबात बसवा.

२. पायाच्या दोन्ही अंगांना गरम सरसाचा एकसारखा हात द्या आणि थिजू द्या. बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही, असा.

३. नक्षी थिजलेल्या सरसावर ठेवा, कागद वर. मध्यरेषा जुळवा आणि दोन कडांना कागदी टेपने धरा. सरस थिजलेला असल्याने ती सरकत नाही आणि व्हिनियर अजून पाणी ओढत नाही.

४. पत्रे ८० अंशांपर्यंत तापवा. हात सेकंदभरही टेकवता येऊ नये, पण कागद करपू नये. क्रम खालून वर असा: फुगीर पट्ट्या, प्लाय, गरम पत्रा, बटर पेपर, मागचे व्हिनियर, पाया, नक्षी, बटर पेपर, दुसरा गरम पत्रा, प्लाय, फुगीर पट्ट्या. हा ढीग एका मिनिटात रचायचा आहे. म्हणून आधी थंड पत्र्यांनी एकदा पूर्ण सराव करा, क्लॅम्पची तोंडे मोजून उघडी ठेवा आणि दुसरा माणूस सोबत घ्या.

५. मधल्या पट्ट्या आधी, टोकाच्या नंतर. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा सगळे आवळा. सरस वितळून कडेने बाहेर आला पाहिजे. कुठल्याही कडेला तो दिसला नाही तर तिथे पत्रा थंड पडला आहे.

रात्रभर, म्हणजे किमान १२ तास तसेच ठेवा. घाईने उघडू नका.

टप्पा ७: वाट पाहणे आणि कागद काढणे

दाबातून काढलेला तक्ता भिंतीला टेकवून किंवा आडवा ठेवू नका. उभा, दोन्ही अंगांना सारखी हवा मिळेल असा, किमान दहा दिवस ठेवा. सरसातले पाणी अजून लाकडात आहे. दोन दिवसांत खरवडून पॉलिश केले तर पुढच्या महिन्यात पॉलिशखाली प्रत्येक जोड उठून दिसेल.

दहा दिवसांनी नखाने सगळ्या पृष्ठभागावर टकटक करा. पोकळ आवाज आला तिथे फुगा आहे. बारीक सुरीने रेषेच्या दिशेने चीर द्या, पातळ गरम सरस आत ढकला, बटर पेपर ठेवून मध्यम गरम इस्त्री टेकवा आणि वर वजन ठेवा.

कागद काढताना स्पंज कोमट पाण्यात पिळून एका वेळी तळहाताएवढीच जागा ओलावा, दोन मिनिटे थांबा, बोथट स्क्रॅपरने कागद सोला आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. पूर्ण तक्ता एकदम भिजवू नका. पुन्हा दोन दिवस वाळवा.

मग धारदार स्क्रॅपर तिरका, हलका. जोडावर रेषा दोन दिशांना असतात, म्हणून रंधा नको, तो एका बाजूचे उचकटून टाकतो. १८० आणि २४० नंबरचा कागद ठोकळ्याभोवती गुंडाळून फिरवा आणि सतत व्हॅक्यूम करा. शिसवीची भुकटी मेपलच्या छिद्रांत गेली की पुन्हा निघत नाही.

टप्पा ८: लाखेचे पॉलिश

बोळ्याने लाख चढवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. अठराव्या शतकात मेण किंवा स्पिरिटमधले राळेचे वार्निश वापरत. काटेकोर प्रतिकृती हवी असेल तर मेणावर थांबा. टेबल रोज वापरायचे असेल तर लाख घ्या.

मेण काढलेली फिकट चपडा लाख २०० ग्रॅम, शुद्ध अल्कोहोल एक लिटर, रात्रभर विरघळू द्या आणि गाळा. दुकानातल्या स्वस्त स्पिरिटमध्ये पाणी असते आणि पॉलिशवर पांढरट धुके येते ते त्यानेच. पावसाळ्यात तर कुठल्याही स्पिरिटने येते.

इशारा: शिसवी आणि तिच्या कुळातल्या लाकडांचा रंग अल्कोहोलमध्ये विरघळतो. पहिलाच ओला बोळा फिरवला की लाल-तपकिरी ओघळ फिकट शंकरपाळ्यांवर जातात आणि ते काढायला पुन्हा खरवडावे लागते. उपाय कंटाळवाणा आहे, पण हमखास आहे: बारीक ब्रशने फक्त फिकट शंकरपाळ्यांवर पातळ लाखेचे दोन हात आधी द्या. ७२ तुकड्यांना अर्धा-पाऊण तास लागतो. वाळल्यावर पूर्ण तक्त्यावर झटपट, न घासता, दोन पातळ हात.

त्यानंतर बोळा. आत लोकरीचे कापड, बाहेर जुने धुतलेले सुती. लाख आत ओता, बाहेर नाही. तळहातावर दाबला तर बोळा थंड लागावा, ओला लागू नये. छिद्रे भरायला अगदी बारीक प्युमिस पावडर फडक्यातून झटकून, आधी गोल आणि मग इंग्रजी आठासारख्या फेऱ्या. बोळा टेकवताना आणि उचलताना तो कायम हलता हवा, थांबला की डाग. ओढ जाणवली तर बोटाने जवसाच्या तेलाचा एक थेंब. दिवसाला दोन-तीन बैठका पुरेत, मधे रात्र जाऊ द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी छिद्रे भरलेली दिसली की शेवटच्या फेऱ्या जवळजवळ कोऱ्या अल्कोहोलने, लांब आणि सरळ. त्या वरचे तेल काढून घेतात.

जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा, मगच टाका.

टप्पा ९: पितळ

क्रम असा ठेवा: पॉलिशच्या आधी, टप्पा ७ संपल्यावर, माथा अंतिम मापात छाटा, पितळेची कडपट्टी आणि कोपऱ्यांचे साज जागेवर बसवून पाहा, छिद्रे पाडा, मग सगळे काढून ठेवा. पॉलिश पूर्ण कडक झाल्यावर, दोन आठवड्यांनी, पुन्हा बसवा. पॉलिशनंतर ड्रिल चालवले की छिद्राभोवती लाख कपच्यांनी उडते.

पितळ व्हिनियरवर दाब देऊन बसता कामा नये. मागून कागद सरकेल एवढी जागा ठेवा. पट्टी तापली की लांबते, लाकूड तसे करत नाही, म्हणून लांब पट्टीत मधले एकच छिद्र घट्ट, बाकीची लांबट.

जुन्या कामांतला सोन्याचा मुलामा पाऱ्याने दिलेला असे. तो घरी करून पाहू नका, पाऱ्याची वाफ मेंदूवर आणि मज्जासंस्थेवर जाते. विजेच्या प्रक्रियेने मुलामा देऊन घ्या, किंवा पितळ घासून त्यावर रंगीत लॅकर द्या.

शेवटचा खिळा लावण्याआधी माथा उलटा करून खालच्या व्हिनियरवर वर्ष आणि आपले नाव कोरा किंवा डागून घ्या. पॅरिसच्या जुन्या कारागिरांचे शिक्के आणि त्यांच्या संघटनेचे ‘जेएमई’ अक्षरांचे ठसे बाजारात मिळतात. प्रतिकृतीवर ते मारले की ती प्रतिकृती राहत नाही, बनावट ठरते, आणि पुढे विकली गेली तर त्याचा जाब तुम्हाला द्यावा लागतो.